तूप झाले का, हे कोण सांगणार?

साताऱ्याला आत्याच्या घरी लोणी कढवायला ठेवले, की मला हाक मारली जाई. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. पातेल्यातल्या लोण्याची तडतड हळूहळू कमी होत जाई, वरचा फेस विरे, तळाशी बेरी धरू लागे आणि आत्या मला चुलीपाशी ओढून म्हणे, "वास बघ गं जरा. झालं का?" कच्चा, दुधट वास जाऊन तूप खमंग लागू लागण्याचा क्षण फार थोडा वेळ टिकतो आणि तो चुकला, तर बेरी करपते. मी "झालं" म्हणाले, की ती पातेले उतरवून घेई. पोरीला कामाची सवय लागावी म्हणून हे चालले आहे, असे मला वाटत असे. आत्याला कसलाच वास येत नाही, ही गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी कळली.

तिला जन्मापासून तसे नव्हते. पस्तिशीत असताना एका पावसाळ्यात तिला आठवडाभर ताप आणि पडसे झाले. ताप गेला, नाक मोकळे झाले, पण वास परतला नाही. घरच्या डॉक्टरांनी 'जुनी सर्दी' असे निदान करून वाफ आणि नाकात घालायचे थेंब दिले. सासरी एकदा आमटी करपली तेव्हा "समोर उभी राहून करपवलीस?" असे तिला विचारण्यात आले, आणि "वासच आला नाही" हे तिचे उत्तर कोणालाही पटले नाही. डोळ्याला दिसेनासे झाले किंवा कानाला ऐकू येईनासे झाले, तर घरातल्या सर्वांच्या लक्षात येते. नाकाचे तसे नसते. ज्याचे त्यालाच कळते, आणि त्याचे म्हणणे इतरांना सोंग वाटते.

2021 च्या एप्रिलमध्ये पुण्यात दुसरी लाट जोरात होती, तेव्हा मलाही कोरोना झाला. तापाच्या चौथ्या दिवशी सकाळी आले आणि गवती चहा घालून केलेला चहा मुलीने खोलीच्या दाराशी ठेवला. मी पहिला घोट घेतला आणि तो नुसते गरम, गोड पाणी वाटला. नाक चोंदलेले नव्हते, श्वास अगदी मोकळा होता. मी मुलीला स्वयंपाकघरातली हिंगाची डबी दाराशी ठेवायला सांगितली. आमच्याकडे हिंगाची डबी दुसऱ्या मोठ्या डब्यात ठेवतात, नाहीतर फळीवरच्या साखरेलाही हिंगाचा वास लागतो. त्या डबीत मी नाक घातले, खोल श्वास घेतला आणि काहीच झाले नाही. मंद वास, दुरून येणारा वास, असे सुद्धा नाही. त्या जागी काही नव्हतेच.

त्या दिवसांत कापूर, लवंग आणि ओवा यांची पुरचुंडी हुंगण्याचे संदेश फोनवर फिरत होते. त्याने रक्तातला प्राणवायू वाढतो, हा दावा निखालस खोटा होता, पण घरात पुरचुंडी होती म्हणून मी ती नाकाशी धरली. नाकात एकदम गार झणका गेला आणि मी आनंदाने "आला, वास आला!" असे ओरडले. मुलगी विज्ञानाची विद्यार्थिनी असल्याने तिचा विश्वास बसला नाही. तिने दोन रुमाल बांधून दाराशी ठेवले. एकात ती पुरचुंडी होती आणि दुसऱ्यात निलगिरीच्या तेलाचा बोळा. डोळे मिटून कोणते काय ते ओळखायचे होते. मला दोन्हीकडे सारखाच गारवा जाणवला. कोणत्या रुमालात काय आहे, ते सांगता आले नाही.

त्या गारव्याचे कारण नंतर वाचनात आले. चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या त्रिशाखी चेतातंतूच्या शाखा नाकातही पसरलेल्या असतात. कापराचा गारवा, मिरचीचा ठसका, कांद्याची झोंब आणि अमोनियाचा झणका त्या तंतूकडून कळतो. त्याचा वास ओळखण्याशी संबंध नसतो. म्हणून वास पूर्ण गेलेल्या माणसालाही फोडणीत लाल मिरची जळली की ठसका लागतो, आणि घरातले म्हणतात, "बघ, येतोय की तुला वास!" आत्याच्या बाबतीत नेमके हेच झाले असणार. जिभेचेही तसेच आहे. गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरस किंवा टोमॅटोसारख्या पदार्थांतली उमामी चव, एवढेच जीभ ओळखते. आमटी आमसुलाची की चिंचेची, मसाला गोडा की गरम, हे घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासावरून ठरते. तो मार्ग बंद पडला, की आमटीत आंबट-तिखट-मीठ उरते आणि आमटी उरत नाही.

नाकपुडीतून सरळ वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या छतापाशी वास घेणारा पडदा असतो. त्याचे क्षेत्रफळ काही चौरस सेंटीमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या आसपास. त्या पडद्यात लाखो चेतापेशी उभ्या असतात. त्यांची केसांसारखी टोके पडद्यावरच्या चिकट द्रवात बुडालेली असतात आणि मागचे धागे चाळणीसारखी भोके असलेल्या पातळ हाडातून थेट मेंदूच्या गंधकंदात, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या भागात, पोहोचतात. माणसाच्या जनुकांत गंध पकडणाऱ्या ग्राहकांचे, म्हणजे पेशीवरच्या विशिष्ट प्रथिनांचे, सुमारे 400 चालू प्रकार आहेत आणि साधारणपणे एका चेतापेशीवर एकाच प्रकारचा ग्राहक असतो. या ग्राहकांचे जनुककुल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये शोधले. त्यासाठी त्यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. एक वास म्हणजे एक ग्राहक, असा सरळ हिशेब मात्र नसतो. एका वासाने अनेक ग्राहक कमी-अधिक प्रमाणात जागे होतात आणि त्या सर्वांच्या मेळातून मेंदू 'हा सोनचाफा' किंवा 'हे करपले' असे ठरवतो. ही मेळाची गोष्ट पुढे पुन्हा लागेल.

विषाणूने वास जाण्याची एक रीत सर्वांच्या परिचयाची आहे. पडशात नाकातले अस्तर सुजते, शेंबूड साचतो आणि हवा त्या छतापर्यंत पोहोचतच नाही. सूज उतरली की वास परत येतो. दुसऱ्या रीतीत वाट मोकळी असते, पण पडद्याचीच हानी झालेली असते. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत अनेकांचा तर्क असा होता, की हा विषाणू गंधाच्या चेतापेशींत शिरून त्या मारत असावा आणि कदाचित त्याच धाग्यांवरून मेंदूत चढत असावा. तो तर्क मनात धरून लोक किती घाबरले होते, हे मला आठवते. मीही घाबरले होते. पण हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातील संदीप रॉबर्ट दत्त यांच्या गटाने 2020 च्या जुलैमध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात वेगळेच चित्र पुढे आले. कोरोनाच्या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी एसीई-2 नावाचे प्रथिन लागते आणि ते गंधाच्या चेतापेशींवर आढळत नाही. ते आढळते त्या चेतापेशींच्या भोवती उभ्या असलेल्या आधारपेशींवर.

या आधारपेशी स्वतः वास घेत नाहीत. त्या चेतापेशींना आधार देतात, त्यांच्या भोवतीच्या द्रवातले क्षार सांभाळतात, आत आलेली घातक रसायने निकामी करतात आणि ऊर्जा पुरवतात. लग्नघरात व्याही, वरमाय, भटजी सगळे जागेवर असावेत आणि आचारी, वाढपी, पाणी भरणारे तेवढे निघून जावेत, म्हणजे कार्य जसे ठप्प होईल, तसे त्या पडद्याचे होते. हॅमस्टरवर फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगात संसर्गानंतर काही दिवसांतच या पडद्याचे थर सुटून गळून पडलेले दिसले. बहुतेक माणसांचा वास दोन-तीन आठवड्यांत परत येतो, तो का, हेही यातून कळते. आधारपेशी लवकर नव्याने तयार होतात. चेतापेशी मुळापासून उभ्या करायच्या असतील, तर कितीतरी अधिक वेळ लागतो.

तरी एक कोडे उरते. ज्यांच्या चेतापेशी जिवंत आहेत, त्यांनाही वास का येत नाही? 2022 मध्ये कोलंबिया विद्यापीठातील स्टाव्ह्रोस लोमवार्दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे एक उत्तर दिले. संसर्गाला प्रतिकार करताना आजूबाजूच्या पेशी जे रासायनिक संदेश सोडतात, त्यांच्या परिणामाने चेतापेशींच्या केंद्रातील जनुकांची मांडणीच विस्कटते आणि गंधग्राहक तयार करण्याचे काम मंदावते. म्हणजे विषाणू त्या पेशीत शिरलेलाही नसतो. शेजारच्या घरातला गलका ऐकून या पेशीने आपले दार लावून घेतलेले असते. मला हे संशोधन सर्वांत अधिक पटले, कारण माझा वास एका रात्रीत गेला होता. पडदा झिजत झिजत जावा तसा तो गेला नव्हता, दिवा घालवावा तसा गेला होता.

यातले काहीही 2020 मध्ये पहिल्यांदा घडलेले नाही. साध्या पडशाचे ऱ्हायनोव्हायरस, फ्लू, पॅराइन्फ्लुएन्झा आणि कोरोनाच्याच कुळातले जुने, सौम्य विषाणू यांच्यामुळे वास जाण्याची नोंद नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या पुस्तकांत कितीतरी आधीपासून आहे, आणि असे रुग्ण बहुधा मध्यम वयाचे, त्यातही स्त्रिया अधिक, असेही तिथे लिहिलेले असते. आत्या या वर्णनात जवळपास तंतोतंत बसते. पण गावात एखादीलाच असे झाले, तर ती एकटी पडते. 2020 मध्ये एकाच महिन्यात जगभर लाखो लोकांचा वास गेला, तेव्हा कुठे ते 'लक्षण' ठरले. ब्रिटनने 18 मे 2020 रोजी आणि आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 13 जून 2020 रोजी वास किंवा चव जाणे हे कोरोनाच्या लक्षणांच्या यादीत घातले. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत निक्सन अब्राहम यांच्या गटाने वासाची क्षमता मोजण्याचे उपकरण तयार केले आणि कोणतेही लक्षण न जाणवणाऱ्या कोरोनाबाधितांचीही गंधक्षमता घटलेली असते, हे त्यावर दाखवून दिले. आपला वास कमी झाला आहे, हे त्या माणसांना स्वतःलाही कळलेले नव्हते.

जुलैपर्यंत माझा वास परतला नाही, तेव्हा मी एका तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी नाकात दिवा घालून पाहिले, "सगळं स्वच्छ आहे" असे सांगितले आणि पुढे म्हणाले, "जीव वाचला ना ताई? वासाचं काय घेऊन बसलात!" त्या उन्हाळ्यात त्यांनी काय काय पाहिले असेल, याची मला कल्पना आहे, म्हणून राग आला नाही. पण डोळ्यांसाठी अक्षरांचा तक्ता आहे, कानांसाठी श्रवणचाचणी आहे आणि नाकासाठी साधी बुचाची बाटलीसुद्धा त्या दवाखान्यात नव्हती, हे खटकले. चाचण्या अस्तित्वात आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील रिचर्ड डॉटी यांनी 1980 च्या दशकात खरवडून हुंगायच्या 40 वासांची चाचणी तयार केली. तिच्या मूळ अमेरिकी संचात 'रूट बिअर' हे तिकडचे गोड पेय आणि 'पम्पकिन पाय' हा भोपळ्याचा गोड पदार्थ, असे वास आहेत. ते साताऱ्याच्या आत्याने, धडधाकट नाकाने तरी, कसे ओळखावेत? चाचणी त्या त्या मुलखातल्या स्वयंपाकघरात तयार व्हावी लागते. हिंग, जिरे, खोबरेल, चंदन, लसूण आणि रॉकेल एवढ्या सहा बाटल्या घेऊन आपल्याकडचा कोणताही डॉक्टर पाच मिनिटांत पुष्कळ काही समजून घेऊ शकेल, असे माझे मत आहे.

औषधाच्या दुकानात स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवणारेही भेटले. तेव्हा महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने थैमान घातले होते आणि अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा अतिवापर ही त्यामागची दोन मोठी कारणे होती. मला साखरेचा त्रास आहे, त्यामुळे मी तो विषय तिथेच संपवला. जुन्या काळातली एक हकिगत मात्र सांगते. 1937 मध्ये कॅनडातील टोरंटो शहरात पोलिओची साथ आली, तेव्हा विषाणू नाकातून शिरतो या समजुतीने हजारो मुलांच्या नाकात वरपर्यंत झिंक सल्फेटचा फवारा मारण्यात आला. पोलिओ थांबला नाही. काही मुलांचा वास मात्र गेला, आणि त्यातल्या काहींचा कायमचा. नाकात वाटेल ते घालण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

ऑगस्टमध्ये वास परतू लागला, आणि तो परतणे हे जाण्यापेक्षा वाईट होते. संध्याकाळी मुलीने कांदा परतायला घेतला आणि घरभर असा दर्प पसरला, की गटार फुटले या खात्रीने मी न्हाणीघर तपासून आले. दुसऱ्या दिवशी कॉफीला तोच दर्प. मग लसणाला, भाजलेल्या शेंगदाण्यांना, टूथपेस्टला सुद्धा तोच. मराठीत वासांसाठी शब्दांची कमतरता नाही. करपट, खवट, कुबट, आंबूस, उग्र, हिवस, कुजकट असे हवे तेवढे आहेत. मी प्रत्येक शब्द लावून पाहिला आणि एकही बसला नाही, कारण तो वास माझ्या नाकाने आयुष्यात आधी कधी घेतलाच नव्हता. या अवस्थेला वैद्यकात पॅरॉस्मिया म्हणतात. बहुधा वास गेल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ती सुरू होते. ब्रिटनमधील रीडिंग विद्यापीठातील जेन पार्कर आणि सहकाऱ्यांनी कॉफीच्या वासातली रसायने एकेक वेगळी करून अशा रुग्णांना हुंगायला दिली. गंधकयुक्त काही मोजक्या रसायनांनी, त्यातही 2-फ्युरानमिथेनथायॉल या एकाने, बहुतेकांना शिसारी आली. ही रसायने अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात. कांदा, लसूण, भाजलेले धान्य आणि मांस यांत अशा जातीची रसायने असतातच, आणि आपली फोडणी तर त्यांचेच भांडार.

आता तो मेळ आठवावा. पेटीच्या निम्म्या पट्ट्या मुक्या झाल्या आणि तरीही वादकाने तेच भजन वाजवले, तर जे ऐकू येईल ते भजनही नसेल आणि शांतताही नसेल. कांद्याच्या वासातले सौम्य, गोडसर सूर पकडणाऱ्या पेशी अजून उगवलेल्या नाहीत आणि गंधकाचे तिखट सूर पकडणाऱ्या आधी जाग्या झाल्या आहेत, असे मानले तर ती दुर्गंधी समजते. शिवाय नव्या चेतापेशींचे धागे चाळणीतून वर जाताना चुकीच्या जागी जोडले जात असावेत, असाही एक अंदाज आहे. हे वाचल्यावर माझा त्रास कमी झाला नाही, पण निदान अर्थ लागला. पडद्यात काही तरी उगवते आहे, एवढे त्या घाणीने सांगितले होते. विषाणूमुळे वास गेलेल्यांपैकी ज्यांना असे विकृत वास येतात, त्यांची सुधारणा अधिक होते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. पाच आठवडे आमच्या घरी कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक झाला. चातुर्मास चालू असल्याने शेजाऱ्यांना ते धार्मिक वाटले.

उपाय म्हणून मी जो केला, तो एखाद्या रियाझासारखा आहे. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास रोज दोन वेळा, किमान 12 आठवडे, लक्ष देऊन घ्यायचे. हे चार का, तर 1916 मध्ये हान्स हेनिंग या जर्मन मानसशास्त्रज्ञाने वासांचे जे मूळ वर्ग मांडले, त्यांतले फुलांचे, फळांचे, राळेचे आणि मसाल्याचे हे प्रतिनिधी आहेत. लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या मी उकळून, उन्हात वाळवून घेतल्या. एकीत ठेचलेल्या लवंगा, दुसरीत कापसावर निलगिरीचे तेल, तिसरीत रोज ताजी किसलेली लिंबाची साल आणि चौथीत गुलाबाच्या अत्तराचा फाया. सकाळी चहाआधी आणि रात्री झोपताना, प्रत्येक बरणी वीस सेकंद, आणि हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. पहिले सहा आठवडे मी चार बरण्यांतली रिकामी हवा हुंगत होते. निलगिरी आणि लवंग यांत थोडी झणझण जाणवे, पण त्या झणझणीला वास समजायचे नाही, हे पुरचुंडीने शिकवले होते. सातव्या आठवड्यात लिंबाच्या सालीत काही तरी हिरवे, ओलसर जाणवले, दोन श्वास टिकले आणि गेले. मी मुलीला हाक मारून बरणी दाखवली, जणू तिच्यात काही दिसणार होते.

सगळ्यांचे असे होत नाही. 2022 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार कोरोनाबाधितांपैकी 5 ते 6 टक्के लोकांचा वास दीर्घकाळ बिघडलेला राहू शकतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील ब्रॅडली गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या गंधपडद्याचे सूक्ष्म तुकडे तपासले, तेव्हा विषाणू कधीच गेलेला असूनही तिथे दाहकारक प्रतिकारपेशी ठाण मांडून बसलेल्या आणि चेतापेशी विरळ झालेल्या आढळल्या. अशा माणसांनी घरात काही गोष्टी नाकावर सोडू नयेत. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र रसायन मिसळतात आणि ती सोय नेमकी या लोकांच्या उपयोगाची नसते. मी रात्री झोपताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करू लागले. उरलेल्या भाजीच्या डब्यावर तारखेची चिठ्ठी लावू लागले. साय किती दिवसांची आहे, हे मुलीला विचारू लागले. ती सवय अजून गेलेली नाही.

आज हिंग येतो, पण पूर्वीचा नाही, जरा बुटका येतो. लिंबू पूर्ण आला आहे. गुलाब शेवटी आला. कॉफी मी सोडली. बकुळीच्या वाळलेल्या फुलांचा वास अजिबात येत नाही, आणि तो का नाही, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. माझे नाक गेल्याचे तिला फोनवर सांगितले, तेव्हा ती जराही हळहळली नाही. लगेच कामाच्या गोष्टींवर आली. "तूप कढवताना विड्याचं पान टाकत जा. पान कुरकुरीत झालं की आच बंद करायची. नाक लागत नाही त्याला."

मी विचारले, "तुला हे ठाऊक होतं, तर मला कशाला हाक मारायचीस?"

"अगं, पानानं तूप झालं एवढंच कळतं," ती म्हणाली. "तू वास घेतलास की तुझं तोंड कसं व्हायचं, ते मला बघायचं असायचं."